बारा चित्रांची तीज

रंजिता राठोडला कोणी विचारलं, "बाई, तू काम काय करतं?" तर ती दोन शब्दांत उत्तर देऊन मोकळी होते, "पोट्टे सांभाळतो." अंगणवाडी सेविका हे शब्द ती फक्त कागदावर लिहिते. फुलसावंगीहून तीन किलोमीटरवर तिचा बंजारा तांडा. साठ-पासष्ट घरं, मधोमध सेवालाल महाराजांचं मंदिर, त्याला लागून समाजाचा हॉल, आणि हॉलच्या मागे तिची एका खोलीची अंगणवाडी. रोज सकाळी कुलूप काढायच्या आधी ती मंदिराच्या पायरीला हात लावते, तोच कपाळाला लावते आणि कामाला लागते. त्यात आठवण ठेवण्यासारखं काही नाही. हात आपला आपण जातो.

तिच्याकडे बावीस पोरं. सगळी घरी गोरबोली बोलणारी. मराठी त्यांच्या कानावर पडते ती बाजारात नाहीतर एस.टी.त. रंजिताने फोनवर मराठी गाण्यांचे व्हिडिओ लावून पाहिले. त्यातला ससा फार शुद्ध बोलायचा. पोरं परक्या घरच्या लग्नात बसल्यासारखी हात मांडीवर ठेवून गप्प पाहायची, आणि गाणं संपलं की खिचडीचं विचारायची. रंजिताला त्या सशाचा रागच येऊ लागला.

अशात मागच्या हिवाळ्यात यवतमाळला दोन दिवसांचं प्रशिक्षण निघालं. चाळीस सेविका एका हॉलमध्ये. शिकवायला नयन सर नावाचे तिथल्याच एका कॉलेजातले तरुण मास्तर. अंगाने काडी, पण बोलायला गोड. आईच्या वयाच्या बाईलाही "ताई" आणि मुलीच्या वयाच्या बाईलाही "ताई". फोनवर चित्रं काढून ती हलती कशी करायची, हे ते शिकवणार होते.

"खाली ही लांब पट्टी दिसते नं ताई, ही टाइमलाइन. डावीकडून उजवीकडे वेळ चालतो. पट्टीवरचा एकेक चौकोन म्हणजे एक फ्रेम, म्हणजे एक चित्र. एका सेकंदात अशी बारा चित्रं डोळ्यापुढून गेली, की डोळा फसतो. त्याला वाटते, चित्र हाललं."

कोणाला काही कळलं नव्हतं आणि कोणी तसं म्हणतही नव्हतं. रंजिता मात्र पुटपुटली, "म्हंजे वजनाचा तक्ता."

सरांनी ऐकलं. "काय म्हटलं ताई?"

ती उठून उभी राहिली. "सर, आम्ही दर महिन्याले पोराचं वजन घेतो अन् तक्त्यावर टिंब देतो. एका टिंबावून काही समजत नाही. बारा टिंबं झाले, की पोरगं वाढून राह्यलं का वाळून राह्यलं, ते दिसते. तसंच हाय नं हे?"

सर तिच्याजवळ आले. मग म्हणाले, "ताई, हे मी माझ्या वर्गात सांगू का?"

चाळीस बायांनी टाळ्या वाजवल्या. रंजिता लाजून खाली बसली, पण त्या दिवसापासून तिची भीड चेपली. लेयर तर तिला सांगायचीही गरज पडली नाही. एकावर एक काचा ठेवाव्या तसे थर: खालच्या थरावर झाड, मधल्यावर माणूस, वरच्यावर त्याच्या हातातली वस्तू. प्रत्येक थरापुढे डोळ्याचं छोटं चित्र. डोळा मिटला की तो थर दिसेनासा होतो, उघडला की परत हजर. "आपण आधी परकर घालतो, मंग लुगडं, मंग डोक्यावर पदर," तिने शेजारच्या सेविकेला समजावलं. "पदर बदलाचा त लुगडं कायले सोडाचं?" मागचं चित्र फिकट दिसावं म्हणजे पुढचं त्यावर बेतून काढता येतं, अशी एक सोय होती, तिला सर 'कांदा' म्हणाले. कांदा काहून, हे मात्र तिने विचारलं नाही. कांद्याची सालं आरपार दिसतात, हे स्वयंपाक करणाऱ्या बाईला काय विचारायचं.

घरी येऊन तिने पहिलं हलतं चित्र केलं ते बकरीचं. चारच चित्रं: जबडा डावीकडे, मध्ये, उजवीकडे, मध्ये. नवरा इंद्रजीत वावरातून आला तेव्हा तिने फोन त्याच्यापुढे धरला.

"बकरी पान खाऊन राह्यली का?" इंद्रजीत म्हणाला.

"चारा खाऊन राह्यली."

"मले त वाटलं, आता पिचकारी मारते."

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत तेच चित्र लावलं. "छेळी! छेळी!" करत बावीसच्या बावीस पोरं उठून नाचायला लागली. कोणी बकरीला बोलावलं, कोणी फोनच्या काचेला खिचडी लावली. रंजिता काच पुसत हसत होती, आणि हसता हसता तिच्या मनात एक विचार पक्का बसला. पोरांना त्यांच्या घरचं काहीतरी दाखवायचं, त्यांच्या बोलीत. बकरीहून मोठं.

तांड्यात घरचं म्हणजे तीज. श्रावणात, राखीपौर्णिमा झाली की तांड्यातल्या बिनलग्नाच्या पोरी वारुळाची माती आणून टोपल्यांत गहू पेरतात. टोपल्या नायकाच्या, म्हणजे तांड्याच्या मुख्याच्या, घरी ठेवतात. आठ दिवस, दिवसातून तीनदा गाणी म्हणत पाणी घालतात. पिवळे-हिरवे कोंब वीतभर होतात. गोकुळाष्टमीच्या दुसऱ्या दिवशी टोपल्या डोक्यावर घेऊन सगळा तांडा नाल्यावर जातो आणि तीज पाण्यात सोडतो. या आठ दिवसांत टोपलीला हात लावायचा तो फक्त कुमारिकांनी. लग्न झालेलीने गाणं म्हणावं, फेर धरावा, पण टोपलीला बोट लावू नये. केळापूरकडच्या आपल्या माहेरच्या तांड्यात रंजिताने नऊ वर्षं तीज पेरली होती. लग्नाला आता सोळा वर्षं झाली.

या तिजेचा सिनेमा करायचा तर नायकाची परवानगी पाहिजे. रंजिता कधी नायकाच्या अंगणात उभी राहून काही मागायला गेली नव्हती. सुना जात नसत. सासूला, सुखीबाईला, तिने बरोबर घेतलं. तिला ती याडी म्हणते, म्हणजे आई. सुखीबाई सत्तरीची, पण काठी न धरता चालणारी. अजून रोज आरशांचा फेटिया, म्हणजे घागरा, नेसणारी तांड्यात ती आणि नायकीण रुपीबाई, अशा दोघीच उरल्या होत्या.

नायक बाबूसिंग खाटेवर बसून तंबाखू मळत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे फोन तिजेजवळ ठेवतं तू?"

"हात नाही लावत बा. दुरूनच फोटो घेतो. बाकी सगळं चित्रानं."

रुपीबाई आतूनच बोलल्या, "आजवर तिजेले फोनबिन नाही लागला. गहू आपोआपच उगोले."

बाबूसिंगांनी तंबाखू तोंडात टाकली. मग म्हणाले, "कर. अष्टमीच्या दुपारी हॉलात लावू, सगळा तांडा पाहीन. पण आदल्या दिवशी जुन्या बाया पाहतीन. त्यायनं हो म्हटलं त लावू. त्यायले काही वावगं दिसलं, त फोन पुन्हा तिजेजवळ आणाचा नाही. ह्या सालीच नाही, कधीच नाही. कबूल?"

"कबूल," रंजिता म्हणाली.

काम सुरू झालं. पेरणी झाली तशी ती दर पाण्याच्या वेळी दाराशी फोन टेकवून एक फोटो घ्यायची. पण पोरी पाणी घालताना टोपली उचलायच्या आणि ठेवताना कुठेही ठेवायच्या. चित्रं एकामागे एक लावली तर टोपली बेडकासारखी उड्या मारायची. रंजिताला हात लावता येईना. शेवटी नायकाची नात राखी, बारावीत शिकणारी, सगळ्या पोरींची पुढारी, तिने युक्ती काढली. टोपलीभोवती गेरूचा गोल ओढला.

"काकू, आता बसली नं जागेवर?"

"बसली. बाई माही गुणाची."

चौथ्या दिवशी रंजिताने बारा फोटो जोडून चालवले. एक सेकंद. कोंब आले आणि गेले. चार दिवस, बारा वेळचं पाणी, आणि डोळ्याची पापणी लवली तर तेवढंही दिसायचं नाही. तिने घाबरून नयन सरांना फोन लावला.

सर हसले. "ताई, एकेक फोटो एकाच फ्रेमवर ठेवला तुम्ही. त्याला थोडं थांबू द्या. एक फोटो सहा फ्रेम ओढा. अर्धा सेकंद थांबेल, मग पुढचा येईल."

"एवढंच?"

"एवढंच. देवानं गहू हळू उगवला, तुम्ही कायले घाई करता?"

आता उरला तो फेर. पाच पोरी तीज डोक्यावर घेऊन गोल फिरतायत, हा सिनेमाचा मुख्य भाग. पण आजच्या पोरी पंजाबी ड्रेसवर. रंजिताला हवा होता फेटिया, त्यावर चोळीसारखी कांचळी, आरशांचा झगमगाट, आणि तो होता सुखीबाईच्या अंगावर. सासूच्या डोक्यावर तिने टोपलीच्या जागी ॲल्युमिनियमचा रिकामा गंज, म्हणजे पातेलं, दिला आणि अंगणात उभं केलं. गिरकीच्या बारा थांब्यांचे बारा फोटो, मग त्यावर बोटाने रेघा.

"याडी, थांब. हालू नको. हं, आता नाच."

"हालू नको म्हणतं अन् नाच म्हणतं. एक काहीतरी सांग."

"थोडी नाच अन् थांब."

"सोळा वर्सं झाले ह्या घरात येऊन, अजून सासूले नाचवून राह्यली," सुखीबाई गंज सावरत इंद्रजीतला म्हणाली. "तू कायचा पाह्यतं? बैल सोड."

चित्रं मात्र अशी उतरली, की रंजिता स्वतःच पाहत राहिली. दंडापर्यंतचा पांढरा चुडो, कानाशी केसांत लोंबणारी चांदीची घुगरी-टोपली. गिरकीला घुगरी एक चित्र उशिरा फिरायची, खरीखुरी फिरते तशी. दागिन्यांना तिने वेगळा लेयर दिला होता. पण ते फुकटचं ॲप तीनच लेयर देत होतं. एक पोरीला गेला, एक दागिन्यांना, एक टोपलीला. मागच्या देखाव्याला चौथा मागितला की फोन पैसे मागायचा. मग तिने पोरीचा आणि दागिन्यांचा थर एकत्र करून टाकला. मर्ज म्हणतात त्याला. दोन काचा वितळून एक व्हाव्या तसं. मग त्या एका पोरीच्या नकला करून पाच पोरी केल्या, बारा चित्रांची गिरकी वीस वेळा पुढे पुढे चिकटवली, आणि वीस सेकंदांचा फेर तयार झाला.

अष्टमीच्या आदल्या दिवशी नायकाच्या ओसरीवर सहा-सात जुन्या बाया जमल्या. पोरी मागे दाटीवाटीने. रंजिताने फोन उभा केला. वारूळ आलं, माती आली, रंजिताच्याच आवाजात गोरबोली आली. बाया माना डोलवायला लागल्या. गहू उगवला तेव्हा कोणीतरी "माय वो" म्हटलं. मग फेर सुरू झाला. पाच जणी डोक्यावर तीज घेऊन फिरू लागल्या.

माना डोलायच्या थांबल्या.

रुपीबाई फोनच्या अगदी जवळ सरकल्या. "पुन्हा लाव."

रंजिताने लावला.

"हे कोणाची लगन झालेली पोरगी तीज घेऊन राह्यली?"

"आँ?"

"चुडो पाय. हातात चुडो हाय तिच्या! अन् घुगरी! पाचही जणीले घुगरी! लगन झालेल्या बायायनं तीज डोक्यावर घेतली?"

मागून राखी खिदळली. "आजी, आमचे पाचही जणींचे लग्नं लावून देल्ले काकूनं! काकू, नवरदेव कोणत्या लेयरवर हायेत?"

पोरी फिस्कारल्या. पण रुपीबाई हसल्या नाहीत, आणि बाकीच्या म्हाताऱ्याही हसल्या नाहीत. तीन दिवस रंजिता घुगरी कशी हलते तेवढंच पाहत होती. ती कोणाच्या केसांत हलते, हे तिने एकदाही पाहिलं नव्हतं. फेटिया म्हटलं की तिच्या डोळ्यापुढे सासूच. तांड्याची सून, स्वतः नऊ वर्षं तीज पेरलेली, आणि तिने कुमारिकांना चुडो भरला!

"माह्या हातून चुकलं," ती म्हणाली. "दुरुस्त करतो."

"उद्या अष्टमी हाय, दुपारी लावाचं हाय," रुपीबाई म्हणाल्या. "झालं त आण. नाही झालं त नायकानं सांगतलंच हाय तुले."

घरी आल्यावर रंजिताने हिशेब मांडला. वीस सेकंद, दर सेकंदाला बारा, म्हणजे दोनशे चाळीस चित्रं. प्रत्येकात पाच पोरी. बाराशे जणींचे चुडे उतरवायचे. दागिन्यांचा लेयर वेगळा असता तर फक्त डोळा मिटायचा होता, काम एका बोटाचं होतं. पण थर एक झाले होते, आणि एक झालेले थर फोन परत वेगळे करून देईना. देवापुढे दिवा लावला, तरी काही सुचेना. तिने नयन सरांना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं.

"ताई, थांबा, थांबा," सर म्हणाले. "दोनशे चाळीस कुठून आली? तुम्ही काढली किती?"

"काढली बारा. बाकी चिकटवली."

"मग चिकटवलेली काढून फेका. पुसायची नाही, सरळ फेका. चूक बारा चित्रांत आहे, ती पण एकाच पोरीची. ती बारा दुरुस्त करा अन् परत चिकटवा."

रंजिता इतक्या मोठ्याने हसली, की गोठ्यातून इंद्रजीत धावत आला. "काय झालं? काय झालं?"

"काही नाही. बाराशे बायका होत्या, बारा उरल्या."

इंद्रजीतला काही कळलं नाही. तरी तो चहा मांडायला गेला.

ती अंगणात खाटेवर बसली, सुखीबाई शेजारी. पहिल्या चित्रावर रबर फिरवलं. चुडो गेला, पण त्याच्याखाली हातच नव्हता. घुगरी पुसली तर कानही पुसला गेला.

"बहिरी केली पोट्टी," सुखीबाई म्हणाली. रंजिता दुसऱ्या चित्राकडे वळली, तसा तिने सुनेच्या मनगटावर हात ठेवला.

"सगळंच पुसतं का?"

"पुसाच लागते याडी."

"हं." सुखीबाईने हात काढून घेतला. अंगणात कोंबडी काहीतरी टोचत होती, तिच्याकडे पाहत ती म्हणाली, "पन्नास-पंचावन्न वर्सं झाले असतीन. लगन झालं अन् टोपली सुटली. परवा तू फोनात दाखवलं, तवा मले वाटलं, हे त मी हाय. माह्या डोक्यावर तीज हाय. चुकीचं हाय, मले मालूम हाय. पण वाटलं."

रबराने गेलेला कान रंजिताने एकेक पायरी मागे जाऊन परत आणला, चुडो परत आणला. मग पूर्ण सिनेमाची एक नक्कल केली आणि तिला काही नाव न देता बाजूला ठेवली. दुरुस्ती त्या नकलेत न करता मूळ फाइलवर सुरू केली. सुखीबाईने ते पाहिलं की नाही, देव जाणे. तिने फक्त तंबाखूची पिशवी उघडली.

राखी आली आणि तिने आपला हात नमुन्याला दिला. "काकू, माहा हात घ्या, चुडो-बिडो नाही." मनगटात काचेच्या चार बांगड्या, बस. त्या हातावरून बारा हात काढले. बारा कान काढले. घुगरीच्या जागी साधी वेणी. वेणीही एक चित्र उशिरा फिरते, हे रंजिताला ठाऊक झालं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला शेवटचं चित्र झालं. नकला, चिकटवणं, वीस सेकंद. रुपीबाईंनी उभ्याउभ्याच पाहिलं, दोनदा पाहिलं.

"आता पोरी दिसतात," त्या म्हणाल्या. एवढंच. पण जाताना वळल्या. "ते कालचं पुसलं का तू?"

"कायले विचारता?"

"काही नाही. आपलं विचारलं." आणि पदर सावरत निघून गेल्या.

दुपारी हॉलच्या खिडक्यांना गोधड्या टांगल्या. शाळेतला प्रोजेक्टर आला. पुढे बावीस पोरं, मागे पोरी, त्यामागे बाया, भिंतीला टेकून बाप्ये, मध्ये खुर्चीवर बाबूसिंग नायक. भिंतीवर वारूळ उमटलं आणि पोरांनी आपल्या बोलीत ओरडून तांडा डोक्यावर घेतला. गहू उगवला तसा ती त्याच्याबरोबर उभी राहिली, टाचा उंच करून. फेर आला. पाच पोरी, हात मोकळे, वेण्या फिरतायत. पोरी आपलीआपली नावं घेऊन भांडायला लागल्या, ही मी, ही तू.

संपलं. बाबूसिंग खुर्चीतून उठले. "बायायनं हो म्हटलं होतं, आता मीही म्हणतो. बेस झालं. पुढच्या साली फोन ठेवाले ओसरीत फळी मीच ठोकून देतो."

रंजिताने डोळे मिटून मंदिराच्या दिशेने हात जोडले. काम झालं होतं. ती प्रोजेक्टरची वायर काढायला वाकली.

"थांब," सुखीबाईचा आवाज आला. भर बैठकीत ती कधी बोलत नसे. "आता ते चुकलेलं लाव."

"कोणतं चुकलेलं?" बाबूसिंगांनी विचारलं.

उत्तर रंजितालाच द्यावं लागलं. चुडो, घुगरी, सगळं सांगितलं. नक्कल ठेवली आहे, हेही सांगितलं. लपवून काय करायचं होतं? बाबूसिंगांच्या कपाळावर आठ्या आल्या. "लगन झालेलीनं तीज उचलाची नाही, हे मी सांगाले पाह्यजे का? दाखवाचं कायले?"

तेव्हा रुपीबाई उठल्या. "उचलाची नाही, बरोबर हाय. हात लावाचा नाही. आम्ही कोणी हात लावला का? आम्ही इथं बसून हाओत, टोपल्या आपल्या घरी गोलात बसून हायेत. भिंतीवर कोण हाय, चित्र हाय. चित्राले तुम्ही कोणता नेम लावता, ते सांगा."

बाबूसिंगांनी बायकोकडे पाहिलं, मग बायांच्या रांगेकडे. सगळ्या म्हाताऱ्या त्यांच्याकडेच पाहत होत्या. बाप्यांतून कोणीतरी खाकरलं.

"काल तूच त बोंबलली," ते म्हणाले.

"बोंबलली. पोरीयच्या हातात चुडो होता म्हणून. ह्या पोरी नाहीत, ह्या आम्ही हाओत."

नायक खुर्चीत बसले. "लाव बाई."

रंजिताने नक्कल उघडली. भिंतीवर पाच जणी आल्या, दंडभर चुडो, कानाशी घुगरी, डोक्यावर हिरवीगार तीज. गिरकी झाली आणि घुगरी एक क्षण मागे राहून फिरली. सुखीबाईने पदर तोंडाशी धरला होता. मग रुपीबाईंनी बसल्याबसल्या गाणं उचललं, तिजेचं, पाण्याच्या वेळचं, घोगऱ्या गळ्याने. दुसरीने धरलं, तिसरीने धरलं. गिरकी सेकंदाला एक होती आणि गाणं त्याहून सावकाश, म्हणून भिंतीवरच्या बाया दोन फेऱ्या घ्यायच्या तेव्हा गाण्याची एक ओळ व्हायची. तरी ताल जमला. वीस सेकंद संपले की रंजिता परत लावायची. किती वेळा लावलं, तिने मोजलं नाही. बिनलग्नाच्या पोरी वळून आपल्या आज्यांकडे बघत होत्या, भिंतीकडे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरी टोपल्या घेऊन नाल्याकडे निघायच्या आधीच रुपीबाई अंगणवाडीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. अंगावर ठेवणीतला फेटिया, नाकात भली मोठी नथ, डोक्यावर रिकामा गंज.

"काल पाचही बाया सुखीच होत्या," त्या म्हणाल्या. "मी कुठं होतो त्यात?"

"नायकीण याडी, आता? तीज निघून राह्यली."

"तीज जाते हळूहळू. तू काढ. नथ बारीक काढू नको, जेवढी हाय तेवढी काढ."

रंजिताने फोन उघडला. दारात अजून तिघी येऊन थांबल्या होत्या, प्रत्येकीच्या डोक्यावर काही ना काही. एकीने तर भाकरीची परातच आणली होती. दागिन्यांना यावेळी वेगळा लेयर, तिने मनाशी ठरवलं, आणि मागचा देखावा गेला तर जाऊ दे.

"थांबा याडी, हालू नका," ती म्हणाली. "हं. आता नाचा."